अर्भकांची सुंता : शस्त्रक्रियेच्या पद्धती आणि त्यांतील धोके

सुंता हा विषय व्याख्यानाच्या व्यासपीठावरून सहसा बोलला जात नाही. घरात त्याची चर्चा होते ती समारंभाच्या अंगाने आणि दवाखान्यात होते ती घाईघाईने, हलक्या आवाजात. तरीही निपाणी, संकेश्वर, चिकोडी आणि बेळगाव या आपल्या पट्ट्यात हजारो मुलग्यांवर होणारी ही शस्त्रक्रिया आहे. मुस्लिम कुटुंबांत ती धर्माचारणाचा भाग म्हणून होते. इतर कुटुंबांत ‘लघवीच्या जागेची कातडी घट्ट आहे’ असे डॉक्टरांनी सांगितले म्हणून होते. कारण कोणतेही असो, पात्याखाली असलेले मूल स्वतः काही विचारू शकत नाही. त्याच्या वतीने विचारायचे प्रश्न मोठ्यांनाच ठाऊक असले पाहिजेत. आजच्या विवेचनाचा हेतू एवढाच आहे.

पालक शल्यचिकित्सकाला बहुधा एकच प्रश्न विचारतात : कोणती पद्धत चांगली? चिमट्याची, रिंगची, की अलीकडे जाहिरातींत दिसणारी लेझरची? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, धोका उपकरणात असतो आणि उपकरण बदलले की धोका टळतो. वस्तुस्थिती तशी नाही. प्रत्येक पद्धतीची चूक होण्याची स्वतःची एक ठरावीक जागा असते. ती जागा ओळखणारा हात, मुलाची आधी केलेली तपासणी आणि नंतरची देखरेख या तीन गोष्टी उपकरणापेक्षा अधिक निर्णायक ठरतात. हे विधान सप्रमाण पटावे म्हणून थोडे मुळापासून पाहू.

परंपरा

मराठी बोलणाऱ्या समाजांपुरते पाहिले तरी ही प्रथा एकाच धर्माची नाही. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेले बेने इस्रायल हे ज्यू लोक घरात मराठीच बोलत. तेलघाण्याचा धंदा आणि शनिवारची सुट्टी यांमुळे त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शनिवारचा विसावा, खाण्यापिण्यातील काही निषेध आणि मुलग्याची आठव्या दिवशी सुंता, या खुणांवरूनच त्यांचे ज्यू असणे ओळखले गेले, असे त्यांचा इतिहास सांगतो. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. पण अलिबाग, ठाणे, मुंबई आणि पुणे येथील त्यांची प्रार्थनास्थळे आजही उभी आहेत.

इस्लाममध्ये सुंतेचा आधार हदीसचा आहे. कुराणात तिचा थेट उल्लेख नाही. कोकणी मुसलमान प्रामुख्याने शाफई पंथाचे, आणि त्या पंथात ती अनिवार्य मानली आहे. आपल्या दख्खनी भागातील बहुसंख्य मुसलमान हनफी पंथाचे. त्यांत ती सुन्नत म्हणजे प्रेषितांनी घालून दिलेली रीत मानली जाते. ज्यू धर्मात आठवा दिवस ठरलेला आहे. मुस्लिम परंपरेत मात्र वयाचे असे एकच बंधन नाही. सातव्या दिवसापासून सात-आठ वर्षांपर्यंत कोणत्याही वयात सुंता होते. या लवचीकपणाचे वैद्यकीय मोल मोठे आहे. मूल आजारी असेल, वजनाने कमी असेल किंवा काही शंका असेल, तर थांबण्यास धर्माची आडकाठी नाही.

आपल्या प्राचीन शल्यशास्त्रात धार्मिक सुंता नाही. परंतु घट्ट अग्रत्वचेचा विचार मात्र आहे. सुश्रुतसंहितेत ‘निरुद्धप्रकश’ या नावाने जो विकार वर्णिला आहे तो हाच. त्यावरील उपचार आजही विचार करण्यासारखा आहे. दोन्ही बाजूंनी तोंड असलेली लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी तुपाने माखून आत बसवावी आणि दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी घालून मार्ग हळूहळू रुंद करावा, असे तेथे सांगितले आहे. शस्त्र चालवायचेच असेल तर सेवनी, म्हणजे खालच्या बाजूची मध्यरेषा, टाळून चालवावे अशी सूचना आहे. त्वचा बळाने मागे ओढल्याने ती फाटते, त्या दुखापतीलाही ‘अवपाटिका’ असे स्वतंत्र नाव दिले आहे. आधी ताण देऊन पाहावे, कापणे शेवटी, हा क्रम त्या जुन्या ग्रंथात स्पष्ट आहे.

निसर्गाची योजना

नवजात मुलग्याची अग्रत्वचा आतील शिश्नमण्याला चिकटलेली असते. हा दोष नव्हे. ती जन्मतः असणारी रचना आहे. डग्लस गेर्डनर या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवजात मुलांपैकी केवळ ४ टक्के मुलांची त्वचा पूर्ण मागे सरकत होती. डेन्मार्कमध्ये याकोब ओस्टर यांनी शाळकरी मुलांची वर्षानुवर्षे तपासणी करून १९६८ साली जे निष्कर्ष मांडले, ते अधिक बोलके आहेत. सहा-सात वर्षांच्या मुलांत सुमारे ६३ टक्क्यांना काही ना काही चिकटलेपणा होता; सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत तो ३ टक्क्यांवर आला होता. खरी घट्ट त्वचा पहिल्या गटात ८ टक्के, तर दुसऱ्या गटात १ टक्का. म्हणजे वय हेच बहुतेकांचे औषध ठरले.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली : आंघोळ घालताना लहान मुलाची त्वचा ओढून मागे सारण्याची सवय घातक आहे. त्याने बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण धरतो आणि जी त्वचा कालांतराने आपोआप सैल झाली असती ती खरोखरच घट्ट होते. दुसरी : चार वर्षांच्या मुलाची कातडी मागे सरत नाही, एवढ्याच कारणावरून त्याला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेण्याची गरज नसते. सौम्य स्टिरॉइडचे मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने चार ते आठ आठवडे लावल्यास बहुतांश मुलांची त्वचा सैल होते. सुश्रुताच्या नळीचेच हे आधुनिक रूप म्हणायला हरकत नाही.

वैद्यकीय कारणाने सुंता आवश्यक ठरते असे प्रसंग मोजके आहेत. त्वचेचे टोक पांढरे, कडक व व्रणयुक्त होणे, वारंवार पू होणे, किंवा मूत्रमार्गात जन्मजात दोष असून लघवीचा जंतुसंसर्ग पुन्हापुन्हा होणे, हे त्यांतील मुख्य. सुंतेमुळे लघवीचा जंतुसंसर्ग कमी होतो हे खरे आहे. पण किती, हेही पाहावे लागते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार, निरोगी मुलग्यांत असा एक संसर्ग टाळण्यासाठी १११ सुंता कराव्या लागतात. मूत्र मागे मूत्रपिंडाकडे वळण्याचा तीव्र दोष असलेल्या मुलांत मात्र तोच आकडा केवळ ४ आहे. एकाच शस्त्रक्रियेचा लाभ मुलागणिक किती बदलतो ते यावरून दिसते.

एच.आय.व्ही.चा मुद्दा येथे कोणाच्या मनात येईल. दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडा येथील प्रौढ पुरुषांवरील चाचण्यांत स्त्रीकडून पुरुषाला होणारा संसर्ग सुंतेमुळे सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले आणि २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारस केली. ती शिफारस साथीचे प्रमाण फार मोठे असलेल्या आफ्रिकी देशांसाठी होती. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने हा मार्ग स्वीकारलेला नाही. तेव्हा आपल्याकडील अर्भकाच्या बाबतीत तो युक्तिवाद पुढे करण्यात अर्थ नाही.

पद्धती आणि त्यांच्या चुकीच्या जागा

धर्मासाठी असो वा आजारासाठी, सुंता करायची ठरली की प्रश्न येतो पद्धतीचा. प्रत्येक पद्धतीने साधायचे ते एकच : आतील मण्याला धक्का न लावता, कमी नाही आणि जास्तही नाही अशी त्वचा काढणे, व रक्त थांबवणे.

सर्वांत जुनी रीत उस्तऱ्याची. त्वचा पुढे ओढायची, चिरलेल्या बांबूच्या चिपेत किंवा चिमट्यात धरायची आणि एका झटक्यात उस्तरा फिरवायचा. वाडवडिलांपासून हे काम करणाऱ्या अनेकांचे हात सफाईदार होते, हे नाकारता येणार नाही. परंतु या पद्धतीत मणी दिसत नाही. तो अंदाजाने मागे सारलेला असतो. अंदाज चुकला तर टोकाला इजा होते. त्वचा फार ओढली गेली तर दांड्यावरील कातडी कमी पडते. पुरेशी ओढली गेली नाही तर अर्धवट सुंता होऊन पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी येते. रक्त थांबवण्यासाठी फक्त दाब आणि पट्टी. जखमेवर राख लावण्याची जुनी पद्धत तर धनुर्वाताला आमंत्रणच होय. केवळ उकळलेल्या पाण्यात हत्यार बुडवून धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मरतीलच असे नाही. त्यासाठी दाबाखालील वाफेचे ऑटोक्लेव्ह लागते. २०१५ साली भारत माता व नवजात अर्भकांच्या धनुर्वातापासून मुक्त झाल्याचे प्रमाणित झाले. ते लसीकरणाचे आणि स्वच्छ प्रसूतीचे यश आहे. अस्वच्छ उस्तऱ्याला त्यामुळे परवाना मिळत नाही.

याच तत्त्वाचे सुधारलेले रूप म्हणजे मोगेन चिमटा. न्यूयॉर्कमधील हॅरी ब्रॉन्स्टाइन या धर्मगुरूंनी तो १९५४ साली तयार केला. मोगेन या शब्दाचा अर्थ ढाल. चिमट्याच्या दोन पात्यांतील फट सुमारे ३ मिलिमीटरच उघडते. त्यामुळे त्वचा आत शिरते आणि मणी बाहेर राहतो, अशी कल्पना. पाती मिटून मिनिट-दीड मिनिट दाबून धरली की रक्तवाहिन्या चिरडल्या जातात आणि वरची त्वचा कापता येते. सर्वांत जलद आणि कमी रक्तस्रावाची अशी ही पद्धत आहे. परंतु येथेही मणी पात्यामागे झाकलेला असतो. चिकटलेली त्वचा आधी नीट सोडवली नसेल, किंवा झिजलेल्या चिमट्याची फट रुंदावली असेल, तर मण्याचे टोक पात्यांत सापडते. अपघात विरळा, पण झाला तर आयुष्यभराचा.

गोम्को हे उपकरण हायरम येलेन आणि एरन गोल्डस्टाइन यांनी १९३५ साली अमेरिकेत आणले. यात धातूची एक छोटी घंटा मण्यावर बसवतात. तिच्यावरून त्वचा ओढून पट्टीच्या भोकातून बाहेर काढतात आणि पेच आवळतात. सुमारे ५ मिनिटे तसाच दाब ठेवून मग घंटेच्या कडेने त्वचा कापतात. मणी घंटेखाली सुरक्षित राहतो हा मोठा गुण. परंतु उपकरण अनेक भागांचे आहे. निर्जंतुक करताना दोन संचांचे भाग मिसळले, पट्टी वाकली, पेचाचे आटे झिजले, की दाब अपुरा पडतो आणि पेच सोडताच रक्त सुटते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० साली मोगेन आणि गोम्को या दोहोंच्या झिजलेल्या व विजोड भागांबद्दल इशारा दिला होता.

प्लास्टिबेल म्हणजे आपल्याकडे ‘रिंग’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत. ती १९५० च्या दशकात प्रचारात आली. प्लास्टिकची खाचदार कडी मण्यावर बसवून त्वचा तिच्यावरून घेतात आणि खाचेत दोरा घट्ट बांधतात. पुढची त्वचा कापून कडीची मूठ मोडून टाकतात. दोऱ्यापुढील त्वचा वाळते आणि साधारण आठवडाभरात कडी आपोआप गळून पडते. कापतानाचा धोका कमी. मात्र या पद्धतीत अर्धी शस्त्रक्रिया घरी घडत असते. दोरा सैल असेल तर रक्तस्राव. कडी मापापेक्षा मोठी असेल तर ती मागे दांड्यावर सरकून आवळते. लहान असेल तर सूज येते आणि लघवी अडते. दहा दिवस उलटूनही कडी पडली नाही, तर घरी ओढाओढ न करता मुलाला परत आणले पाहिजे. म्हणून ही पद्धत निवडताना आईवडिलांना काय सांगितले गेले, यावर तिचे यश अवलंबून असते.

उरली ती डोळ्यांसमोर कापण्याची खुली पद्धत. वरच्या बाजूला उभा छेद घेऊन त्वचा उघडतात, मणी आणि मूत्रद्वार पाहून घेतात, मग गोलाकार कापून रक्तवाहिन्या एकेक बंद करतात आणि विरघळणारे टाके घालतात. वेळ अधिक लागतो. पण सर्व काही दिसते. साधारण दोन महिन्यांपुढील मुलांसाठी बहुधा हीच पद्धत पूर्ण भूल देऊन वापरतात.

येथे कॉटरीबद्दल एक शब्द. विजेने रक्तवाहिनी जाळून बंद करणाऱ्या यंत्राचे दोन प्रकार आहेत. एकात प्रवाह चिमट्याच्या दोन टोकांमध्येच फिरतो. दुसऱ्यात तो शरीरातून जाऊन पाठीखालच्या पट्टीत उतरतो. शिश्नासारख्या बारीक अवयवात हा दुसरा प्रकार वापरला, की सारा प्रवाह त्याच्या अरुंद मुळाशी एकवटतो आणि संपूर्ण अवयव जळू शकतो. गोम्कोसारख्या धातूच्या उपकरणाबरोबर विजेची कॉटरी तर कधीच वापरू नये. १९६६ साली कॅनडातील विनिपेग येथे आठ महिन्यांच्या एका बाळाच्या बाबतीत कॉटरीने हेच घडले आणि त्याचे शिश्न नष्ट झाले. तेच पुढे डेव्हिड रायमर या नावाने जगाला माहीत झाले. मानसतज्ज्ञाच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवण्यात आले. कळत्या वयात त्याने ते नाकारले. २००४ साली त्याने आपले जीवन संपवले. शस्त्रक्रियेचे कारण होते घट्ट त्वचा. त्याच्या जुळ्या भावालाही तोच त्रास होता. अपघातानंतर भावावर शस्त्रक्रिया केली नाही, आणि त्याचा त्रास आपोआप बरा झाला. या प्रकरणाची चर्चा मुलाच्या पुढील आयुष्यावरून पुष्कळ झाली. भावाची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

‘लेझर सुंता’ अशी पाटी दिसल्यास नेमके कोणते यंत्र वापरणार आहात, हे विचारण्यास संकोच करू नये. स्टेपलरची जी उपकरणे अलीकडे आली आहेत ती मुख्यतः मोठ्या मुलांसाठी व प्रौढांसाठी आहेत.

वय आणि आकडे

२०१० साली हेलन वाइस व सहकाऱ्यांनी २१ देशांतील ५२ अभ्यासांचा आढावा घेतला. नवजात व तान्ह्या मुलांत गुंतागुंतीचे मध्यम प्रमाण १.५ टक्के निघाले. एक वर्षावरील मुलांत ते ६ टक्के होते. परंतु तान्ह्या मुलांच्या अभ्यासांतही काही ठिकाणी हा आकडा शून्य होता, तर काही ठिकाणी १६ टक्क्यांपर्यंत गेला होता. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अर्भकांच्या सुंतेची जी पुस्तिका काढली, तिच्यात मोगेन, गोम्को आणि प्लास्टिबेल या तिन्ही पद्धती शिकवल्या आहेत. एकच श्रेष्ठ ठरवलेली नाही. शून्य आणि सोळा यांमधील अंतर उपकरणाने नव्हे, तर प्रशिक्षण, स्वच्छता आणि देखरेख यांनी पाडले आहे, असाच निष्कर्ष निघतो.

तान्हेपणी प्रमाण कमी, तर मग आपल्याकडे मूल पाच-सात वर्षांचे होईपर्यंत का थांबतात? उत्तर समारंभात आहे. नवे कपडे, हार, घोड्यावरची मिरवणूक, पाहुण्यांची पंगत. हा मुलाचा दिवस असतो आणि त्या आनंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही. एवढेच लक्षात घ्यावे की, त्या वयात पूर्ण भूल, टाके आणि शस्त्रक्रियागृह लागते. समारंभ घरी होवो. शस्त्रक्रिया रुग्णालयात व्हावी. दोन्हींचा दिवस एकच असला पाहिजे असा नियम कोठेही नाही.

वेदना

तान्ह्या बाळाला वेदना कळत नाहीत, ही समजूत डॉक्टरांमध्येही दीर्घकाळ होती. भारतात वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. कंवलजीत आनंद आणि त्यांचे सहकारी हिकी यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखाने ती मोडून काढली. नवजात अर्भकाच्या शरीरात वेदनेची यंत्रणा पूर्ण जागी असते. म्हणून आज भूल न देता सुंता करणे समर्थनीय नाही. मुळाशी इंजेक्शन देऊन तेथील दोन मज्जातंतू बधिर करणे हा विश्वासार्ह उपाय आहे. साखरेचे पाणी चाटवल्याने बाळ शांत होते. पण ते भुलेची जागा घेऊ शकत नाही.

इंजेक्शनलाही मर्यादा आहे. लिग्नोकेनची कमाल मात्रा दर किलोमागे ३ मिलिग्रॅम धरली, तर ३ किलोच्या बाळाला ९ मिलिग्रॅम. एक टक्क्याच्या द्रावणात दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असतात. म्हणजे एक मिलिलिटरही पूर्ण देता येत नाही. तेच द्रावण दोन टक्क्यांचे असेल तर त्याच्या निम्मे. शिवाय ते अ‍ॅड्रेनलिन नसलेले हवे. अन्यथा रक्तवाहिन्या आकसून अवयवाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. बाटलीवरची चिठ्ठी वाचणे हा येथे शस्त्रक्रियेचाच भाग आहे.

रक्त

सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत रक्तस्रावाची. बहुतेक वेळा तो किरकोळ असतो आणि दाबाने थांबतो. परंतु मोठ्यांचे डोळे मोठ्यांच्या मापाने पाहतात. नवजात बाळाच्या शरीरात दर किलोमागे सुमारे ८० ते ८५ मिलिलिटर रक्त असते. ३ किलोच्या बाळात सारे मिळून अडीचशे मिलिलिटर, म्हणजे एका मोठ्या पेल्याएवढे. चहाचे दहा चमचे रक्त दुपट्यात मुरले, तर त्याच्या शरीरातील पाचवा हिस्सा गेला. दुपटे सुती असेल तर ते पाहणाऱ्याला ‘थोडेसे ओले’ वाटते. म्हणून डाग पसरत चालला, पुन्हा पट्टी बदलावी लागली, बाळ फिके पडले किंवा दूध ओढेना, तर सकाळची वाट पाहू नये. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आणि बेळगाव सुमारे ७५. संध्याकाळी आडगावात शस्त्रक्रिया करून माणूस निघून गेला आणि रात्री रक्त सुटले, तर हे अंतर फार मोठे ठरते. शस्त्रक्रिया सकाळी करावी आणि पहिले काही तास बाळ नजरेखाली ठेवावे, हा साधा नियम पुष्कळ संकटे टाळतो.

काही कुटुंबांत रक्त न गोठण्याचा आनुवंशिक दोष असतो. हिमोफिलिया ‘अ’ हा प्रकार सुमारे पाच हजार मुलग्यांत एकाला होतो, आणि कित्येकदा तो प्रथम सुंतेच्या वेळीच उघड होतो. ज्यूंच्या तालमूद ग्रंथात यासंबंधी फार जुना नियम आहे : ज्या आईचे दोन मुलगे सुंतेनंतर दगावले, तिच्या तिसऱ्या मुलाची सुंता करू नये. रोगाचे नाव ठाऊक नव्हते, पण तो आईकडून येतो हे त्यांनी हेरले होते. जी परंपरा सुंतेला देवाशी झालेला करार मानते, तिनेच हा अपवाद केला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तेव्हा आईच्या भावांना, मामेभावांना किंवा मावसभावांना दात काढताना वा पडल्यावर रक्त थांबेना असे कधी झाले आहे काय, हा प्रश्न चाकूच्या आधी विचारावा. उत्तर ‘होय’ असेल तर आधी रक्ततपासणी. दावणगेरे येथील कर्नाटक हिमोफिलिया सोसायटीसारख्या संस्था अशा कुटुंबांना मार्गदर्शन करतात.

ज्या मुलाची सुंता करू नये

काही मुलग्यांचे मूत्रद्वार टोकाला नसून खालच्या बाजूला असते. हा हायपोस्पॅडियास दोष सुमारे दोनशे ते तीनशे मुलग्यांत एकाला आढळतो. अशा मुलांची अग्रत्वचा खालून अपुरी आणि वरून फडीसारखी असते. पाहणाऱ्याला जणू आधीच सुंता झाल्यासारखे वाटते. अनेक मुस्लिम समाजांत तिला पैगंबरी सुन्नत किंवा फरिश्त्यांनी केलेली सुंता म्हणतात. ही श्रद्धा एका परीने त्या मुलाचे भलेच करते, कारण त्याची त्वचा शाबूत राहते. नवीन मूत्रमार्ग घडवताना शल्यचिकित्सकाला तीच त्वचा लागते. ती एकदा कापून टाकली की तिच्यासारखे दुसरे कापड शरीरात सहज मिळत नाही. मात्र त्याच श्रद्धेमुळे मूल तपासणीला येतच नाही, आणि दोष तसाच राहून तारुण्यात लघवीच्या व वैवाहिक जीवनाच्या अडचणी उभ्या राहतात. अशा बाळाला सहा महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान बालमूत्ररोगतज्ज्ञांकडून दुरुस्ती करून घेता येते, आणि बहुधा त्याच शस्त्रक्रियेत सुंताही होऊन जाते. बेळगावला १९६३ पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे. निपाणीच्या पलीकडे कोल्हापूर आणि मिरज आहेत. या सल्ल्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही.

याखेरीज मुदतीपूर्वी जन्मलेले, कमी वजनाचे, कावीळ वा ताप असलेले बाळ, आणि ज्याचे शिश्न वाकडे किंवा चरबीत बुडालेले दिसते असे बाळ. यांची सुंता पुढे ढकलावी.

उशिरा दिसणारा त्रास

जखम भरली म्हणजे सारे संपले असे नाही. त्वचेचे आवरण गेल्यावर मूत्रद्वार ओल्या दुपट्याशी घासते. ते सुजते, भरते आणि हळूहळू अरुंद होते. मूल तीन-चार वर्षांचे झाल्यावर लघवीची धार बारीक, सुईसारखी आणि वरच्या दिशेने उडते. वेळही फार लागतो. सुंतेनंतर काही महिने दुपटे बदलताना टोकाला व्हॅसलीन लावण्याने हा त्रास टाळण्यास मदत होते. झालाच तर छोट्या शस्त्रक्रियेने तो बरा होतो. बालवाडीतील शिक्षिकेच्या किंवा आजीच्या लक्षात ही धार आईच्या आधी येऊ शकते. म्हणून ते येथे मुद्दाम सांगितले.

चार प्रश्न

एवढ्या विवेचनाचे सार पालकांनी विचारायच्या चार प्रश्नांत मांडता येईल. माझ्या मुलाला आत्ता याची गरज आहे काय, की थांबता येईल? त्याचे मूत्रद्वार जागेवर आहे आणि घरात रक्त न थांबण्याचा इतिहास नाही, हे कोणी पाहिले? भूल कोणती देणार, आणि हत्यारे प्रत्येक मुलाला स्वतंत्र व ऑटोक्लेव्ह केलेली आहेत काय? रात्री रक्त आले तर कोणाला बोलवायचे? सामूहिक शिबिरात पन्नास मुले रांगेत असली तरी हे प्रश्न प्रत्येकाच्या वतीने स्वतंत्र विचारले गेले पाहिजेत. ज्यांना उत्तरे देता येतात, त्यांच्या हातात मोगेन असो, रिंग असो वा साधी कात्री, मूल बहुधा सुखरूप घरी जाते. ज्यांना ती देता येत नाहीत, त्यांच्या हातातील सर्वांत महागड्या यंत्रानेही निश्चिंत होऊ नये.

ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत मराठी, कानडी आणि उर्दू घरांतून आलेली मुले एकाच बाकावर बसवून शिकवली. त्या बाकांवरून उठलेले विद्यार्थी आज वडील आहेत, आजोबा आहेत, कोणी डॉक्टर तर कोणी जमातीचे कारभारी आहेत. पुढच्या समारंभाचा मुहूर्त ठरवताना त्यांच्यापैकी एकाने जरी हे चार प्रश्न विचारले, तरी आजच्या व्याख्यानाचे काम झाले.